राशीतलं बी आणि झाडावरचं बी : मिरचीचं घरचं वाण कसं सुधारावं

फेब्रुवारीत अंगणात वाळलेल्या मिरचीची रास पडते. देठ खुडायला बायका बसतात, आणि त्यातलीच एखादी पुढच्या वर्षाच्या बियाण्यासाठी लांब, लालभडक मिरच्या बाजूला काढत जाते. गडहिंग्लज भागात हे मी लहानपणापासून पाहत आलोय. हात सराईत, नजर पक्की. तरी तीच जवारी (गावठी) मिरची दर चार-दोन वर्षांनी थोडी आखूड होते, थोडी फिकी पडते, बोकड्याला, म्हणजे पानं आकसवणाऱ्या रोगाला, लवकर बळी पडते. मग घरधनी म्हणतो, ‘बी जुनं झालं, बदलायला पाहिजे.’

खरी अडचण वेगळी आहे. राशीतून उचललेल्या मिरचीची आई कोण, हे आपल्याला माहीत नसतं. ज्या झाडाला दहा-बाराच फळं लागली, त्याचं सगळं बळ त्या दहा फळांत जातं आणि ती फळं लांब, टपोरी होतात. दोनशे फळं धरणाऱ्या झाडाची मिरची त्यामानानं लहान दिसते. राशीत नजर मोठ्या मिरचीवर जाते, म्हणजे नकळत आपण कमी धरणारं झाड निवडत राहतो. शिवाय बाप कोण, तेही ठाऊक नसतं. मिरचीचं फूल स्वतःच्या परागानं फळतं खरं, पण मधमाश्या आणि इतर किडे शेजारच्या झाडाचे परागही त्यावर आणून टाकतात. हे प्रमाण जागेनुसार दहा टक्क्यांच्या आतही राहतं आणि निम्म्याच्या वरही जातं. बांधापलीकडे संकरित मिरची असेल, तर तिचं रक्त आपल्या बियात उतरलेलं असतं.

म्हणून या लेखातलं सगळं काम एका गोष्टीवर उभं आहे: बी धरायचं ते उभ्या झाडाकडे बघून, तेही पीक रानात असताना. मिरची इथं सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आली. तेव्हापासून संकेश्वरी, ब्याडगी, भिवापुरी, गोव्यातली खोल्याची आणि हरमलची अशी वाणं तयार झाली, ती शेतकऱ्यांनी अशाच निवडीतून घडवली. ते काम थोडं शिस्तीनं केलं तर चार-पाच हंगामांत फरक डोळ्यांना दिसतो.

आधी काय हवं ते ठरवा

वहीच्या पहिल्या पानावर तीनच गोष्टी लिहा. तीनपेक्षा जास्त नको. रंग, तिखटपणा, लांबी, उत्पन्न, बोकड्या, लवकर येणं, देठ सहज निघणं, हे सगळं एकाच वेळी धरायला गेलात तर हजार झाडांत एकही पसंतीला उतरणार नाही.

ठरवण्याआधी दोघांशी बोला. एक म्हणजे घरात वर्षाची चटणी करणारी बाई, दुसरा बाजारातला व्यापारी. कोल्हापुरी चटणीत रंगासाठी ब्याडगी आणि चव-तिखटासाठी संकेश्वरी घालतात. तेव्हा संकेश्वरीला ब्याडगीसारखा रंग आणण्याच्या मागं लागून तिचा ठसकाच गेला, तर त्या सुधारणेला अर्थ नाही. व्यापारी फटक्या किती निघतात ते सांगेल. पांढऱ्या पडलेल्या मिरच्यांना फटकी म्हणतात आणि त्यांनी भाव पडतो. फळकूज ज्या झाडाला जास्त, त्याच्या फटक्या जास्त.

दुसरी समजून घ्यायची गोष्ट म्हणजे कोणता गुण किती खात्रीनं पुढच्या पिढीत उतरतो. फळाची लांबी, आकार, रंग, फळ खाली लोंबतं की वर तोंड करतं, हे गुण झाड बघून निवडले तर बऱ्यापैकी उतरतात. तिखटपणाही उतरतो, पण उन्हाचा आणि पाण्याच्या ताणाचा त्यावर मोठा परिणाम होतो. उत्पन्न मात्र एका झाडाकडे बघून निवडू नये. ते झाड चांगलं असेल किंवा त्याची जागा चांगली असेल, दोन्ही शक्य असतं. पहिल्या वर्षी मी फळांनी वाकलेलं एक झाड निवडलं, त्याचं बी जपून ठेवलं. पुढच्या वर्षी त्याची रोपं अगदी साधारण निघाली. ते झाड पाण्याच्या पाइपाच्या जोडाशी होतं, जोड गळत होता आणि शेजारी खताच्या गाड्या उतरल्या होत्या, हे मला नंतर आठवलं. झाडाबरोबर त्याची जागाही बघायची, हे मी तेव्हा शिकलो.

बी गोळा करणं

एकाच घरच्या बियावर काम सुरू करू नका. आठ-दहा घरांतून, जमल्यास दोन-तीन गावांतून मूठ-मूठ बी आणा. ज्या घरात मिरची पिढ्यान्‌पिढ्या घरच्याच बियाची आहे, ते घर आधी शोधा. असं बी बहुधा म्हाताऱ्या बायकांकडे, गाडग्यात राखेत ठेवलेलं सापडतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी बियांची जी बँक उभी केली, तिची सुरुवात अशाच घरगुती साठ्यापासून झाली. प्रत्येक पुडीवर गाव, घर, तारीख आणि देणाऱ्याच्या तोंडचं वर्णन जसंच्या तसं लिहा. ‘पावसात टिकते’ हे दोन शब्द पुढं फार कामाला येतात.

दुकानातल्या संकरित मिरचीचं बी धरून त्यापासून वाण करायचा मोह होतो. करता येतं, पण एक अडचण माहीत असू द्या. अनेक संकरित वाणांची मादी (आईचं झाड) नरवंध्य, म्हणजे पराग न धरणारी, असते. तिच्यापासून पुढं आलेल्या पिढीत काही झाडांच्या फुलांत परागच नसतात. अशा झाडांना फळ शेजाऱ्याच्या जिवावर लागतं, आणि झाकलेल्या फांदीवर तर लागतच नाही. ती ओळखून काढून टाकावी लागतात.

एक गुंठा, बारा चौकोन

६० बाय ६० सेंटिमीटरवर लावली तर एका गुंठ्यात जवळपास २८० ते ३०० झाडं बसतात. पहिल्या निवडीला एवढी पुरेत. यासाठी पाच ग्रॅम बी भरपूर होतं. मे अखेर किंवा जूनच्या सुरुवातीला गादीवाफ्यावर बी टाका, बोटभर अंतरानं ओळींत. तरवा (रोपं) ३५ ते ४० दिवसांचा झाला की सरीच्या बगलेला लावा. वाफ्यावर पांढऱ्या माशीला अडवणारी बारीक नायलॉनची जाळी घाला, नाहीतर रोगाची लागण वाफ्यातच होते आणि पुढची सगळी तुलना बिघडते.

जागा निवडताना दुसऱ्या मिरचीपासून लांब राहा. बियाणे प्रमाणीकरणात मिरचीसाठी पायाभूत बियाण्याला ४०० मीटर आणि प्रमाणित बियाण्याला २०० मीटर अंतर सांगितलं आहे. लहान शेतकऱ्याला एवढं अंतर मिळणं कठीण, म्हणून पुढं झाकण्याची रीत दिली आहे. ढोबळी मिरची हीसुद्धा त्याच जातीची आहे, तिच्याशीही संकर होतो. बरेच जण विचारतात की तिखट मिरचीशेजारी लावल्यानं ढोबळी तिखट होते का. त्या हंगामात होत नाही, कारण फळाची साल आणि आतला पांढरा भाग आईचाच असतो. पण त्या फळातलं बी पेरलं तर पुढच्या वर्षी काही झाडं तिखट निघतात, कारण तिखटपणा सौम्यपणावर मात करतो.

आता मुख्य युक्ती. कडेच्या ओळी सोडून द्या, कारण त्यांना ऊन-वारा जास्त मिळतो. आतल्या रानाचे दोरी धरून बारा चौकोन पाडा, प्रत्येकात वीस-बावीस झाडं. झाडांची तुलना फक्त चौकोनाच्या आत करायची आणि प्रत्येक चौकोनातून दोनच झाडं घ्यायची, मग तो चौकोन सुपीक असो की खडकाळ. रानाच्या एका कोपऱ्याला ओल जास्त असते, म्हणून निवडलेली सगळी झाडं त्याच कोपऱ्यात येतात. या चौकोनांमुळं ती चूक टळते. अमेरिकेत मक्याच्या निवडीसाठी ही रीत साठच्या दशकात वापरात आली, मिरचीलाही ती तितकीच लागू पडते.

झाड चार वेळा बघायचं

पहिली फेरी फुलं उमलण्याआधी. पानाचा रंग, झाडाची ठेवण किंवा देठ स्पष्ट वेगळा दिसणारी झाडं तेव्हाच उपटून टाका. भेसळीचं झाड फुलल्यावर काढलं तर त्याचे पराग तोवर पसरलेले असतात.

दुसरी फेरी पहिली फळं हिरवी असताना. चौकोनातल्या चार-पाच झाडांना पांढरा दोरा बांधा. याच वेळी बोकड्याची नोंद करा, पण नीट ओळखून. पानं वरच्या बाजूला द्रोणासारखी वळली असतील तर ते फुलकिड्यांचं काम. खाली वळून लांबुळकी झाली असतील तर कोळी. पानं बारीक, पिवळट, चुरगळलेली आणि शेंडा गच्च झालेला असेल तर पांढऱ्या माशीनं पसरवलेला विषाणू. तिन्हीला आपण बोकड्या किंवा चुरडा-मुरडा म्हणतो, पण एकाला टिकणारं झाड दुसऱ्याला टिकेलच असं नाही. नोंद ० ते ४ गुणांत करा: ० म्हणजे काहीच नाही, ४ म्हणजे झाड वाया गेलं.

तिसरी फेरी निम्मी फळं लाल झाल्यावर, आणि हीच सगळ्यात महत्त्वाची. फळं मोजा. दहा फळांची लांबी पट्टीनं मोजा. खालच्या फांद्या वाळत आहेत का, फळांवर खोलगट काळसर डाग आहेत का, ते बघा. पांढऱ्या दोऱ्याच्या झाडांतून दोन झाडांना लाल दोरा बांधा. घरातल्या बाईला या फेरीला सोबत घ्या. आमच्या घरी मी निवडलेली तीन झाडं आईनं एका वाक्यात बाद केली: ‘याचा देठ निघत नाही, दिवसभर खुडत बसावं लागेल.’ ती गोष्ट माझ्या वहीत नव्हती.

चौथी फेरी वाळल्यावर. लाल दोऱ्याच्या प्रत्येक झाडाची पिकलेली मिरची वेगळ्या पिशवीत वाळवा. ओल्याचं आणि वाळल्याचं वजन करा. साधारण चौथा हिस्सा किंवा त्याहून थोडं जास्त उरतं, आणि झाडाझाडात फरक पडतो. पातळ सालीची मिरची लवकर वाळते आणि कमी कुजते. मग सारख्या वजनाची पूड सारख्या वजनाच्या बिनमिठाच्या भातात कालवून तीन माणसांनी चाखा. एका बैठकीत चारपेक्षा जास्त नमुने नकोत, पुढं जीभच सांगत नाही. तिखट बियात असतं असा समज आहे. ते प्रत्यक्षात बिया ज्याला चिकटतात त्या पांढऱ्या गराशी असलेल्या शिरेत तयार होतं, म्हणून पूड करताना ती शीर सगळ्या नमुन्यांत सारखी येऊ द्या. तोडाही एकाच दिवसाचा असावा.

फांदी झाकणं

लाल दोरा बांधण्याची वाट बघत बसलात तर झाकायला उशीर होतो. म्हणून दुसऱ्या फेरीत पांढरा दोरा बांधलेल्या सगळ्याच झाडांची एक-एक फांदी झाका. नंतर बाद झालेल्या झाडांचं बी घ्यायचं नाही, एवढंच.

जुन्या पांढऱ्या मलमलच्या धोतराच्या किंवा साडीच्या कापडाच्या वीतभर पिशव्या शिवून घ्या. भरपूर कळ्या असलेली एक निरोगी फांदी निवडा. तिच्यावर उमललेलं प्रत्येक फूल आणि धरलेलं प्रत्येक फळ खुडून टाका, नुसत्या न उमललेल्या कळ्या ठेवा. शेंडा आणि पानांवर मावा नाही ना, ते उलटून बघा. पिशवीच्या आत मावा शिरला तर त्याला खाणारे किडे आत येऊ शकत नाहीत आणि आठ दिवसांत फांदी संपते. पिशवी चढवून तोंडाशी कापूस गुंडाळा आणि सुतळीनं बांधा. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास फांदीला बोटानं हलकी टिचकी मारत जा, त्यानं पराग सुटून फळधारणा वाढते. दहा-बारा दिवसांनी पिशवी काढा. आत धरलेल्या बारीक फळांच्या देठाला लाल लोकर बांधा आणि पुढं उमलणारी फुलं मोकळी राहू द्या. लाल लोकरीचं फळ म्हणजे आई आणि बाप दोन्ही तेच झाड.

आमच्याकडे ऑगस्टच्या पावसात पिशवी ओली राहून कळ्या सडतात. सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर हा काळ सोयीचा. उन्हाळ्यात पारा ३५ अंशांच्या पुढं गेला की फुलं गळतात, पिशवीत तर आणखी. खर्च करायची तयारी असेल तर चार बांबू रोवून निवडक झाडांवर नायलॉन जाळीचा खोपा करा, ते काम अधिक सुटसुटीत होतं.

बी काढणं आणि ठेवणं

फळ झाडावरच पूर्ण लाल होऊन किंचित सुरकुतू द्या. तोडल्यावर आणखी पाच-सहा दिवस सावलीत ठेवा. डाग असलेलं एकही फळ बियाला घेऊ नका, फळकुजीची बुरशी बियातून पुढच्या वर्षात जाते. हातमोजे घालून फळ उभं चिरा, बी झटकून कागदावर पसरा. पहिले दोन दिवस सावलीत, मग सकाळच्या कोवळ्या उन्हात. दुपारच्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर बी वाळवू नका, त्यानं उगवण मरते.

बी दातानं चावलं तर कडक मोडलं पाहिजे. काचेच्या बरणीत तळाला भाजून थंड केलेले तांदूळ किंवा सिलिका जेलची पुडी, वर कागदी पाकिटांत बी, आणि झाकण घट्ट. ओलावा एक टक्क्यानं उतरला किंवा साठवणीचं तापमान पाच अंशांनी उतरलं की बियाचं आयुष्य जवळपास दुप्पट होतं, असा बियाणे शास्त्रातला ठोकताळा आहे. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवलेली बरणी म्हणूनच इतकी टिकते. बाहेर काढल्यावर मात्र बरणी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, आत पाणी धरतं.

पेरणीआधी ओल्या कागदात १०० बिया गुंडाळा आणि १४ व्या दिवशी मोजा. ६० च्या वर उगवल्या तर प्रमाणित बियाण्याच्या किमान पातळीत बसतात. नुकतंच काढलेलं बी काही आठवडे सुस्त असतं, तेव्हा लगेच कमी उगवलं म्हणून फेकू नका.

दुसऱ्या वर्षी : एक झाड, एक ओळ

इथून दोन वाटा फुटतात. वाण आहे तसंच ठेवून फक्त स्वच्छ करायचं असेल, तर लाल दोऱ्याच्या २०-२५ झाडांचं बी सारख्या प्रमाणात एकत्र करा आणि पुढच्या वर्षी तेच परत करा. झाडं याहून कमी करू नका. गावठी वाणाची ताकद त्याच्या आतल्या विविधतेत असते, आणि पाच झाडांवर आलं की ती हरवते. बहुतेक घरांना माझा हाच सल्ला असतो.

पक्कं, एकसारखं वाण हवं असेल तर बी एकत्र करू नका. प्रत्येक झाडाच्या झाकलेल्या फळांच्या बियाची वेगळी ओळ लावा, ओळीत १५-२० झाडं. मध्येमध्ये, दर पाच ओळींनंतर, मूळ बियाची एक ओळ तुलनेसाठी ठेवा. आता नजर ओळीवर. एखादी ओळ सगळीच्या सगळी चांगली असेल, तर तिच्या आईचा गुण खरा होता. एखाद्या ओळीत दोन झाडं अप्रतिम आणि बाकी सामान्य असतील, तर ती ओळ अजून फुटते आहे, म्हणजे तिचे गुण पक्के झालेले नाहीत. आधी ओळ निवडा, मग तिच्यातली दोन-तीन झाडं, आणि त्यांच्या फांद्या पुन्हा झाका. तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी हेच. चांगल्या ओळी दोन वेगळ्या रानांत लावून बघा, शक्य तर दुसऱ्याच्या शेतात.

संकर कधी आणि कसा

निवड म्हणजे जे आहे त्यातलं चांगलं उचलणं. वाणात जो गुण मुळात नाही, तो निवडीनं येणार नाही. त्यासाठी संकर लागतो. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची पुसा ज्वाला मिरची एनपी ४६ ए आणि पुरी रेड या दोन वाणांच्या संकरातून, पुढच्या पिढ्यांत निवड करत तयार झाली. हे काम चिमटा, भिंग आणि सूत घेऊन घरच्या रानातही करता येतं.

उदाहरण घेऊ. संकेश्वरीची चव आणि लांबी ठेवायची आहे, पण रोगाला टिकाव हवा आहे. रोगाला बऱ्यापैकी टिकणारी पुसा सदाबहार घेऊ. तिची फळं झुपक्यानं, वर तोंड करून येतात, संकेश्वरीची खाली लोंबतात. लोंबणं हा गुण वर तोंडावर मात करतो. म्हणून सदाबहारला आई करा आणि संकेश्वरीला बाप. संकर खरा झाला असेल तर त्या बियाची झाडं लोंबती फळं देतील. ज्या झाडाची फळं वर तोंड करतील, ते आईच्याच परागाचं, उपटून टाका. उलटं केलंत तर खरा संकर आणि फसलेला संकर दिसायला सारखेच राहतील. आई निवडताना हा विचार केला की पुढचा गोंधळ वाचतो.

संध्याकाळी चार ते सहाच्या दरम्यान आईच्या झाडावर उद्या उमलणारी कळी शोधा: फुगलेली, पांढरी, पण बंद. टोकदार चिमट्यानं पाकळ्या अलगद काढा. आत निळसर जांभळे पाच-सहा परागकोश दिसतील. ते फुटलेले नसावेत. फुटले असतील तर ती कळी सोडून द्या. एकेक कोश देठाशी धरून काढा, मधल्या दांडीला (स्त्रीकेसराला) धक्का लावू नका. भिंगातून बघा, टोकावर पिवळी पूड दिसली तर ती कळीही बाद. कापसाचा विरळ पुंजका तिच्याभोवती गुंडाळा. बापाच्या झाडावरच्या उद्याच्या कळ्याही अशाच कापसात झाकून ठेवा, म्हणजे माशी आपल्या आधी पोचणार नाही.

सकाळी आठ ते दहा. बापाचं नुकतं उमललेलं फूल तोडा, फुटलेला परागकोश आईच्या दांडीच्या टोकावर हलकेच टेकवा, पुरेशी पूड चिकटली की परत कापूस. देठाला चिठ्ठी बांधा: आई, बाप, तारीख. दुसऱ्या बापाकडे जाण्याआधी चिमटा स्पिरिटमध्ये बुडवा. पाच-सहा दिवसांनी कापूस काढा आणि त्या फांदीवरची बाकीची फळं खुडा. सुरुवातीला दहा फुलांतली दोन-तीन टिकली तरी पुरे आहे, एका फळात पन्नासच्या वर बिया सहज मिळतात. फळ लाल व्हायला दीड-दोन महिने लागतात.

पहिल्या पिढीची झाडं सगळी सारखी दिसतील. आठ-दहा लावा, झाका, बी घ्या, निवड काहीच करू नका. खरा खेळ दुसऱ्या पिढीत सुरू होतो, तेव्हा आजी-आजोबांचे गुण सुटे होऊन नव्यानं जुळतात. किती झाडं लावायची याचा हिशेब असा: एकाच जनुकावरचा दबणारा गुण (म्हणजे दुसऱ्या गुणासमोर लपणारा) चारात एकदा दिसतो. असे दोन गुण एकत्र हवे असतील तर सोळात एकदा, तीन हवे असतील तर चौसष्टात एकदा. सोळात एकदा येणारं झाड ९५ टक्के खात्रीनं मिळवायला निदान ४७ झाडं हवीत, चौसष्टात एकदा येणाऱ्यासाठी १९१. रोगाचा टिकाव अनेक जनुकांवर असू शकतो, म्हणून ३०० च्या खाली जाऊ नका.

या पिढीत लांबी, आकार, रंग, फळाची ठेवण आणि रोग यांवर निवड करा, उत्पन्नावर नको. रोगासाठी दर काही ओळींनंतर लवकर बळी पडणारी एक ओळ मुद्दाम लावा आणि या तुकड्यावर कीटकनाशक मारू नका. ती ओळ आजारी पडली नाही, तर त्या हंगामात बाकीच्यांची परीक्षा झालीच नाही, असं समजा.

स्वतःच्याच परागावर वाढवत गेलं की मिश्र जनुकं (आई-बापाकडून वेगवेगळी आलेली) दर पिढीला निम्मी होतात: दुसऱ्या पिढीत ५० टक्के, तिसरीत २५, चौथीत १२.५, सहावीत जेमतेम तीन. म्हणून सहाव्या-सातव्या पिढीला वाण स्थिर होतं. पाणी असेल तर वर्षात दोन पिढ्या ओढूनताणून बसतात. संकेश्वरीपणा कमी वाटला, तर पहिल्या पिढीचा संकर पुन्हा संकेश्वरीशी करा. त्यानं तिचा वाटा ७५ टक्के होतो, आणखी एकदा केला तर ८७.५. पण प्रत्येक वेळी रोगाला टिकलेलंच झाड त्यासाठी घ्या, नाहीतर शेवटी परत संकेश्वरीच हातात येते.

वांगं, भेंडी, हळद

वांग्यालाही हीच रीत, फक्त फूल मोठं असल्यानं हात सोपा बसतो. लांब दांडीची फुलंच संकराला घ्या, आखूड दांडीची फळत नाहीत. भेंडीचं फूल एकच दिवस टिकतं, आदल्या संध्याकाळी कळीचं तोंड दोऱ्यानं बांधलं तरी झाकण्याचं काम होतं. हळदीचं गणित मात्र वेगळं. ती बेण्यानं वाढते, बी क्वचित धरते, त्यामुळे एक उत्तम गड्डा सापडला की त्याचं बेणं जसंच्या तसं तेच देतं. पण त्यासाठीही काढणीच्या वेळी ढिगातून नव्हे, उभ्या रानातून गड्डा निवडा आणि त्याचा वाढावा तीन वर्षं वेगळा ठेवा.

हक्क आणि नोंदणी

वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ चा आहे. त्याच्या ३९ व्या कलमानं शेतकऱ्याला बी राखणं, पेरणं, देवाणघेवाण करणं आणि विकणं याचा हक्क दिलेला आहे. फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावानं पाकीटबंद करून विकता येत नाही. स्वतःचं वाण शेतकरी वाण म्हणून नोंदवताही येतं आणि त्यासाठी शेतकऱ्याला शुल्क नाही. हंगामी पिकांना संरक्षण १५ वर्षांचं मिळतं. वाण वेगळं, एकसारखं आणि स्थिर आहे का, याची तपासणी होते, आणि तिथं तुमची वही, फोटो आणि दरवर्षीच्या मोजमापांचे आकडे उपयोगी पडतात. अर्ज भरायला जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात मदत मिळते. गावच्या जुन्या वाणावर एकट्याच्या नावानं नोंदणी करू नका. ते वाण गावाचं आहे, अर्ज गावाच्या गटाच्या नावानं करा.

बी वाटायला लागलात की प्रत्येक पुडीवर वर्ष आणि पिढी लिहा, आणि घेणाऱ्याला बांधापलीकडे काय लावलंय ते आधी विचारा. दरवर्षीच्या झाकलेल्या बियातलं एक पाकीट न वाटता बरणीत तळाशी ठेवा. चौथ्या वर्षी माझ्या ओळींत भेसळ शिरली, तेव्हा मी दुसऱ्या वर्षाचं पाकीट उघडलं, १०० पैकी ७१ बिया उगवल्या आणि काम तिथून पुढं सुरू झालं.